डिजिटल पुराव्याचं प्रशिक्षण ठाणे अंमलदारापासून सुरू करा: सोलापुरातल्या ठाण्यांसाठी आराखडा

डिजिटल तपासाचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. सायबरची दोन-तीन चुणचुणीत माणसं निवडायची, आठवडाभर बाहेरगावी पाठवायची आणि परत आल्यावर प्रमाणपत्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा. रात्री दोन वाजता आरोपीच्या खिशातून फोन काढणाऱ्या हवालदाराला मात्र कुणी काही सांगितलेलं नसतं. त्यानं फोन उघडून गॅलरी चाळली, दोन फोटो स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतले, सकाळी बंद पडला म्हणून चार्जर लावून पुन्हा चालू केला, की प्रयोगशाळेत कितीही महागडं यंत्र असो, बचाव पक्षाला हवं ते मिळालेलं असतं.

म्हणून हा आराखडा उलट्या दिशेनं जातो. आधी ठाणे अंमलदार, बीट अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि तपासी अधिकाऱ्याचा रायटर, म्हणजे त्याचं लेखी काम करणारा. सायबरची माणसं नंतर, आणि शक्यतो शिकवायला.

माणसं, तारखा, जागा

एका वर्गात पंधरा-वीस जणांपेक्षा जास्त नकोत, कारण प्रत्येकाच्या हातात फोन द्यायचा आहे. सभागृहात दोनशे जण बसवून पडद्यावर स्लाइड दाखवण्याला मी प्रशिक्षण म्हणत नाही, तो हजेरीपट आहे. प्रत्येक वर्गात पदं मिसळा. पीएसआय आणि शिपाई एकाच टेबलावर बसले की कागद नेमका कुठे अडतो ते आपोआप बाहेर येतं.

तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, एप्रिलमध्ये जयंत्या, मग आषाढी, गणपती, नवरात्र, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी. सलग पाच दिवसांचा वर्ग लावला तर तिसऱ्या दिवशी अर्धी माणसं बंदोबस्ताला गेलेली असतात. त्यापेक्षा दीड-दीड तासाची सत्रं, आठवड्याला दोन. शहर आयुक्तालयात हे ठाण्यातच करता येतं. ग्रामीणला पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट असे उपविभाग धरून करावं, नाहीतर करमाळ्याच्या माणसाचा दिवस एसटीतच जातो. नव्या भरतीच्या मुलांसाठी केगावचं पोलीस प्रशिक्षण केंद्र आहेच. पण हा आराखडा आधीच वर्दीत असलेल्यांसाठी आहे.

साहित्य फार लागत नाही. जुने सहा-सात अँड्रॉइड फोन, एखादा जुना आयफोन, दोन कॅमेऱ्यांसह वापरलेला एक डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र), चार पेन ड्राइव्ह, एक लॅपटॉप, पॉवर बँक, दोन-तीन फॅरेडे बॅगा (सिग्नल अडवणाऱ्या), अ‍ॅल्युमिनियम फॉइल, पाकिटं, लाख, लेबलं. राईट ब्लॉकर (जप्त डिस्क वाचताना तिच्यावर काही लिहिलं जाऊ न देणारं यंत्र) सायबर ठाण्याकडून एका दिवसासाठी मागून घ्या. तो काय करतो एवढं सगळ्यांनी पाहिलं तरी पुरे.

कायदा: एक सत्र, त्याहून जास्त नाही

१ जुलै २०२४ पासून नवे तिन्ही फौजदारी कायदे लागू झाले. अंमलदाराला त्यातली मोजकी कलमं पाठ हवीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५: झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं, पंचांच्या सह्यांसह यादी तयार होतानाचंही, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. कलम १८५ खाली (वॉरंटशिवाय) झडती घेतली तर नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे. कलम १७६(३): सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ बोलवायचा. कलम १९३: दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक उपकरण कुणाकुणाच्या ताब्यात, कोणत्या क्रमानं होतं ते लिहायचं. हे शेवटचं कलम मुद्देमाल कारकुनाला दोनदा वाचून दाखवा. पूर्वी त्याची वही हा ठाण्याचा अंतर्गत मामला समजला जायचा, आता तिच्यातला क्रम दोषारोपपत्रात उतरतो.

चित्रीकरणासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप आहे. ते वर्गातच प्रत्येकाच्या फोनवर चालवून बघा. लॉगिन विसरलेला माणूस घटनास्थळी स्वतःच्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण करतो आणि मग ती फाइल कुठे ठेवायची हा नवा प्रश्न उभा राहतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलच्या, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चा वारसदार. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरण किंवा नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश व्हॅल्यू (ती काय, ते पुढे येतं) आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली ते लिहावं लागतं. १ जुलै २०२४ च्या आधीपासून तपासावर असलेल्या प्रकरणांना जुनाच पुरावा कायदा लागतो, म्हणून दोन्ही नमुने वेगवेगळ्या फायलीत ठेवा. घाईत चुकीचा छापील कागद उचलला जातो.

हे प्रमाणपत्र का महत्त्वाचं, ते आपल्याच राज्यातल्या एका निकालावरून सांगा. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाले का, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तिथे ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. ज्यानं हातात असेल ते सगळं केलं त्याला त्याबद्दल शिक्षा नको, असंही न्यायालय म्हणालं. पोलिसांसाठी यातला धडा रोकडा आहे: प्रमाणपत्र लेखी मागा, पोच घ्या, नकार आला तर न्यायालयाकडे अर्ज करा. तोंडी “साहेब, देतो म्हणाले होते” याला किंमत नाही.

फोन: दोन सत्रं इथे घालवा

टेबलावर तीन फोन ठेवा: एक चालू आणि उघडा, एक चालू पण लॉक, एक बंद. प्रशिक्षणार्थीनं फक्त हात लावायच्या आधी काय करायचं ते बोलून दाखवायचं. पहिलं उत्तर बहुतेक वेळा “बंद करायचा” असं येतं, आणि तेच मोडून काढायचं आहे.

बंद फोन बंदच ठेवायचा. चालू फोनचा आधी पडद्यासकट फोटो, मग फ्लाइट मोड. त्यानंतर वाय-फाय आणि ब्लूटूथ वेगळे तपासायचे, कारण काही फोनमध्ये फ्लाइट मोड लावूनही ते चालू राहतात. नेटवर्क तोडायचं कारण साधं आहे. मालक दुसऱ्या कुठल्याही फोनवरून हा फोन पुसून टाकू शकतो. लॉक असलेल्या फोनवर फ्लाइट मोड लागला नाही तर फॅरेडे बॅग. बॅग नसेल तर फॉइल, पण भरपूर थरांत. वर्गात फोन फॉइलच्या एकाच थरात गुंडाळून त्यावर कॉल लावा. रिंग वाजली की कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झाकलेला फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्यानं उतरते, म्हणून पॉवर बँकही बॅगेत आतच जोडायची. सिम काढायची घाई नको, ई-सिम तर काढताच येत नाही.

फोन बंद का होऊ द्यायचा नाही? चालू होऊन एकदा तरी उघडलेला फोन आणि नुकताच चालू झालेला, अजून एकदाही न उघडलेला फोन यांत प्रयोगशाळेसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसऱ्यातला बराचसा डेटा कुलपाआड असतो. त्यातून २०२४ च्या अखेरीस आयफोनमध्ये नवी सोय आली, तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो. २०२५ मध्ये अँड्रॉइडमध्येही तशीच सोय आली. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी जप्त केलेल्या फोनचं पत्र मंगळवारी टाइप होणार असेल, तर सोमवारी संध्याकाळीच तो हातचा गेलेला असू शकतो. “सुट्टी होती” हे कारण फोन ऐकत नाही. ड्युटी अधिकाऱ्यानं त्याच रात्री सायबर ठाण्याला कळवायचं, एवढा एक नियम लावला तरी पुष्कळ झालं.

पासवर्डचा विषय टाळू नका, कारण तो रोज येतो. आरोपीनं स्वखुशीनं दिला तर तो पंचांसमक्ष, चित्रीकरणात आणि लेखी घ्यायचा. नाही दिला तर अंदाजानं टाकून बघायचा नाही, ठरावीक चुका झाल्या की फोन अडकतो. दमदाटी तर नाहीच. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा, म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा मुद्दा उपस्थित होतो आणि पुढचं सगळं प्रकरण त्यातच रुतून बसतं.

आता पंचनामा. “अंगझडतीत एक काळ्या रंगाचा मोबाइल मिळून आला, तो जप्त केला” या वाक्यावर फुली मारून प्रत्येकाला नव्यानं लिहायला लावा. अपेक्षित मजकूर असा: “काळ्या रंगाचा मोबाइल, मागील काचेला उजव्या वरच्या कोपऱ्यात तडा, चालू स्थितीत, स्क्रीन लॉक, बॅटरी ४१ टक्के, स्क्रीनवरील वेळ २३:१८. पंचांसमक्ष २३:२० वाजता फ्लाइट मोड लावला, वाय-फाय व ब्लूटूथ बंद असल्याची खात्री केली. इमर्जन्सी कॉलच्या पडद्यावरून *#०६# दाबून आलेले दोन्ही आयएमईआय पुढीलप्रमाणे. फोन उघडून आतील मजकूर पाहिलेला नाही.” हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, १५ अंक एकानं मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं लिहायचे, तिसऱ्यानं ताडून बघायचे. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि दुसरा हमखास राहतो.

डीव्हीआर: घड्याळ आधी, चित्र नंतर

सरावाच्या डीव्हीआरचं घड्याळ गुपचूप १७ मिनिटं पुढे लावून ठेवा. मग सांगा, “सकाळी ९:१० ला चोरी झाली, फुटेज काढा.” जो घड्याळ न तपासता ९:१० चं फुटेज घेऊन येईल त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये रिकामा रस्ता असेल, खरी घटना पडद्यावरच्या ९:२७ ला आहे. हा धडा एकदा बसला की विसरत नाही. डीव्हीआरच्या पडद्याशेजारी नेटवर्कवरची वेळ दाखवणारा मोबाइल धरून दोन्हींचा एकत्र फोटो घ्यायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा.

नवी पेठेत किंवा एखाद्या एमआयडीसीच्या गेटवर दहा दुकानांचे कॅमेरे असतात, पण हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून नवं चढतं. कुणाकडे महिनाभराचं असतं, कुणाकडे आठवड्याचंही नसतं. म्हणून गुन्हा दाखल झाल्या दिवशीच रस्त्यानं पायी फिरून कॅमेऱ्यांची यादी करायची आणि दुकानदारांना फुटेज जपून ठेवण्याचं लेखी पत्र द्यायचं. फुटेज डीव्हीआरच्या मूळ स्वरूपात घ्यायचं, त्याचा प्लेअरही सोबत. पडद्याचं मोबाइलनं केलेलं चित्रीकरण तपासाची दिशा ठरवायला ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

दोन प्रती करायच्या, दोन्हींची हॅश तिथेच काढायची, एक सीलबंद, एक कामाची. भाग ‘अ’ दुकानदाराकडून त्याच बैठकीत भरून घ्यायचा. सहा महिन्यांनी तो दुकान विकून पुण्याला गेलेला असतो आणि सही मागायला आलेल्या पोलिसाला बघून फोन उचलत नाही. भाग ‘ब’ वर सही करणारा तज्ज्ञ कोण, हे प्रत्येक ठाण्यानं सरकारी वकिलांशी बोलून आधीच लेखी ठरवून ठेवायचं. गुन्हा मोठा असेल, मूळ चित्रण वादात येणार असेल, तर डीव्हीआरच जप्त करणं बरं.

हॅश समजावण्याचा एकच मार्ग

हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. एवढं सांगून थांबा आणि प्रयोग करा. मोबाइलवर एक फोटो काढून केबलनं लॅपटॉपवर घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही सोय आधीपासून असते, तिनं एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढा. ६४ अक्षर-अंकांची ओळ येईल. फाइलचं नाव बदला, पुन्हा काढा: तीच ओळ. आता फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवा, उतरवून घ्या, पुन्हा काढा: पूर्ण वेगळी. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा: पहिली ओळ परत आली.

वर्ग इथे गप्प होतो, कारण घटनास्थळाचे फोटो ग्रुपवर मागवण्याची सवय सगळ्यांनाच असते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यासोबत वेळ-ठिकाणाची माहितीही गळून जाते. साहेबांना कळवण्यासाठी ग्रुपवर टाका, हरकत नाही. पुराव्याची फाइल मात्र मूळ उपकरणातूनच घ्यायची.

पैसे गेलेला माणूस समोर बसला असताना

इथे क्रम उलटा करायचा आहे. सविस्तर जबाब नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात जातात, आणि मधे कुठेतरी गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक कागद चिकटवून ठेवा: खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम, यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक, यूपीआयचा असेल तर १२ अंकी), समोरचा यूपीआय आयडी किंवा नंबर. हे मिळालं की फोन लावायचा.

सरावासाठी एक काल्पनिक गुन्हा घ्या. टॉवेल कारखानदाराला सूत पुरवठादाराच्या नावानं मेल येतो, “आमचं खातं बदललंय”, आणि तो नव्या खात्यात पैसे भरतो. एकानं फिर्यादी व्हायचं, एकानं अंमलदार. घड्याळ लावा. फिर्यादी घाबरलेला, बँकेचा मेसेज सापडत नाही, सोबत आलेला भाऊ मधेच बोलतोय, असं खरंखुरं वातावरण करा.

पुढचं सत्र पत्रांचं. कंपन्यांकडून आलेली लॉगिनची वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. कागदावर १४ जानेवारी १९:१० असेल तर आपल्याकडे १५ जानेवारीची रात्रीची १२:४० झालेली आहे. तारीखच बदलली. ही बेरीज न करता मोबाइल कंपनीला पत्र पाठवलं तर भलत्याच माणसाचं नाव येतं आणि त्याच्या दारात गाडी उभी राहते. आयपी अ‍ॅड्रेससोबत पोर्ट नंबरही मागायचा, कारण मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी शेकडो ग्राहकांत वाटलेला असू शकतो. सोशल मीडिया कंपन्यांना माहिती मागण्याआधी ती जपून ठेवण्याची विनंती पाठवायची. फेसबुकची कंपनी मेटा अशी नोंद ९० दिवस राखून ठेवते, तेवढ्यात रीतसर मागणी गेली पाहिजे. सीडीआरबद्दल (मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी) एकच सांगायचं: टॉवर म्हणजे घर नव्हे. आरोपी त्या टॉवरच्या टप्प्यात होता, एवढंच तो सांगतो.

भाषा आणि लाज

सोलापुरात हे सत्र वगळता येत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या फिर्यादीच्या फोनमधले व्हॉइस मेसेज तेलुगूत असतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये, कुठे दखनी. टाइप केलेला मजकूर तर तेलुगू किंवा कन्नड, पण इंग्रजी लिपीत. ठाण्यातल्या तेलुगू जाणणाऱ्या शिपायाला विचारून मराठी सारांश लिहिला की काम झालं असं वाटतं. तसं नाही. आधी मूळ भाषेतला मजकूर जसाच्या तसा लिहून घ्यायचा, मग भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याची सही आणि जबाब.

बाईच्या खासगी चित्रफितीचं प्रकरण असेल तर ती कोण पाहणार हे तपासी अधिकाऱ्यानं नावानिशी ठरवायचं आणि बाकीच्यांनी पाहायची नाही. केरळमधल्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मेमरी कार्डाची प्रत आरोपीलाही न देता फक्त पाहू देण्याचा मार्ग काढला, पीडितेच्या खासगीपणासाठी. न्यायालय एवढं जपतं, तर ठाण्यात चार जणांनी डोकावून बघण्याचं कारण काय?

मुद्देमालाची खोली

मुद्देमाल कारकुनाला घेऊन खोलीतच सत्र घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत फोनच्या बॅटऱ्या फुगतात. जप्त फोन दारूच्या कॅनशेजारी नकोत, स्पीकरच्या चुंबकाजवळ हार्ड डिस्क नको. एक थंड, कुलूपबंद कपाट इलेक्ट्रॉनिक मुद्देमालासाठी वेगळं काढा. नोंदवहीत फोन बाहेर गेला ती तारीख-वेळ, कुणी नेला, कशासाठी, सीलची स्थिती, परत कधी आला. पाच रकाने. एकही कोरा राहता कामा नये.

शेवटचं सत्र: साक्षीदाराचा पिंजरा

लेखी परीक्षा घेऊ नका. एक सरकारी वकील आणि फौजदारी बाजूचा एक कसलेला वकील बोलवा, आणि वर्गानं स्वतः केलेल्या पंचनाम्यांवर उलटतपासणी घ्यायला सांगा. प्रश्न असे येतात: “फोन तुम्ही २३:१८ ला घेतला म्हणता, अहवालात २३:५२ ला गॅलरी उघडल्याची नोंद आहे. कुणी उघडली?” “सील तुमचं, मग प्रयोगशाळेनं लेबलवरचा नंबर वेगळा का लिहिला?” “ही हॅश तुम्ही काढलीत ना? मग हॅश म्हणजे काय ते न्यायालयाला सांगा.” या तिसऱ्या प्रश्नाला बोटाच्या ठशाचं उत्तर मराठीत, दोन वाक्यांत देता आलं तर माणूस तयार झाला. नाही आलं तर हॅशचा प्रयोग पुन्हा.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय-फोर-सीचं (सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं) सायट्रेन हे ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टल आहे. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक दर्जाच्या खाली जात नाही, त्यामुळे ठाण्याच्या पीआयनं निदान एक अभ्यासक्रम स्वतः केलेला असावा. सही त्यांचीच असते.

वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी प्रत्येक ठाण्यातले कोणतेही पाच जप्ती पंचनामे मुद्दाम न निवडता उचला आणि चार गोष्टी बघा: दोन्ही आयएमईआय आहेत का, फोनची स्थिती लिहिली आहे का, डीव्हीआरच्या घड्याळाचा फरक आहे का, भाग ‘अ’ त्याच तारखेचा आहे का. जे कमी असेल त्याच एका विषयाचं दीड तासाचं सत्र त्या ठाण्यात परत घ्या. बदल्यांनंतर ही तपासणी नव्यानं करावी लागते, कारण शिकलेला मुद्देमाल कारकून सांगोल्याला गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला कपाटाची किल्ली तेवढी मिळालेली असते.